बोटीच्या ट्रेलरची फ्रेम : बाक, चीर आणि खारं पाणी

बाकीचे ट्रेलर पावसापुरते भिजतात. बोटीचा ट्रेलर मात्र मुद्दाम समुद्रात बुडवला जातो, तोही लांबच्या प्रवासाने हब, म्हणजे चाकांचे मधले भाग, तापलेले असताना. तिथलं खारं पाणी फटींत शिरून गंज धरवतं. त्यामुळे धक्क्याच्या कठड्यावर आपटून आडवा पाइप वाकला, तर नजर बाकावर जाते आणि खरा धोका दोन वीत पलीकडे, वेल्डच्या कडेला राहून जातो. वाकलेलं साधं पोलाद सहसा सांगून सवरून जातं. चीर तसं करत नाही.

सर्वात आधी बोट उतरवा. पेट्रोलची टाकी आणि फायबरचा सांगाडा वर असताना खाली ठिणग्या उडवण्यात शहाणपण नाही. फ्रेम गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. मग ट्रेलर सपाट जागी ठोकळ्यांवर घ्या. कपलरच्या (गाडीच्या हुकाला अडकणाऱ्या पुढच्या जोडाच्या) मध्यापासून अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांवरच्या एकाच खुणेपर्यंत टेप लावा. दोन मापांत ३ मिलिमीटरपर्यंत फरक असेल तर तो सोडून द्या. १० मिलिमीटर असेल तर अ‍ॅक्सल तिरका बसलाय आणि ट्रेलर रस्त्यावर खेकड्यासारखा चालणार. एकाच अ‍ॅक्सलच्या ट्रेलरचे टायर त्याने फारसे झिजत नाहीत, कारण दोन्ही चाकं एकमेकांना समांतरच असतात.

टायर खाल्ले जातात ते स्टब, म्हणजे चाक बसतं ते टोक, वाकल्यावर. त्यासाठी दोन्ही टायरांच्या पुढच्या कडांमधलं आणि मागच्या कडांमधलं अंतर मोजा. ६०० मिलिमीटर व्यासाच्या टायरांना इथे २ मिलिमीटरचा फरक म्हणजे १:३०० चा कोन. प्रत्येक किलोमीटरला दोन्ही टायर मिळून सुमारे ३.३ मीटर आडवे घासत जातात. वाकलेला अ‍ॅक्सल ठोकून सरळ करण्याच्या भानगडीत पडू नये, बदलावा.

आता चीर शोधायची. जागा ठरलेल्या आहेत: ड्रॉबार (गाडीकडे जाणारा पुढचा दांडा) मुख्य फ्रेमला मिळतो तो सांधा, स्प्रिंगच्या पाट्या टांगणाऱ्या हँगरची टोकं आणि विंचच्या (बोट ओढून घेणाऱ्या चरखीच्या) खांबाचा पाया. ड्रॉबारवरचा वाकवणारा जोर त्या सांध्यापाशी सर्वाधिक असतो आणि तिथेच लवचिक पाइप अचानक ताठ होतो. शिवाय वेल्डची कड म्हणजे आधीच एक बारीक खाच. गंजाची बारीक, सरळ, तपकिरी रेघ दिसली की थांबा. तेवढा भाग वायर ब्रशने स्वच्छ करून डाय पेनिट्रंट मारा. लाल रंग १० ते १५ मिनिटं मुरू द्या, कापडाने पुसा आणि पांढरा डेव्हलपर फवारा. चीर असेल तर लाल रेघ वर येते. बरेचदा ती डोळ्यांना दिसली होती त्याहून लांब निघते.

गंजाचं गणितही इथेच करून घ्यावं. ७५ × ५० मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप आतून १ मिलिमीटर खाल्ला गेला, तर बाहेरून तो ठणठणीत दिसतो, पण वाकवणाऱ्या जोरापुढची त्याची ताकद सुमारे ३० टक्के कमी झालेली असते. म्हणजे तेवढ्याच बोटीखाली पोलादावरचा ताण १.४३ पट होतो. वेल्डच्या कडेचं थकव्याचं आयुष्य साधारण ताणाच्या घनाच्या प्रमाणात घटतं, म्हणजे ते एक तृतीयांशावर येतं. हातोडीने टकटक करत जा. खणखणीत आवाजाच्या जागी भद्द आवाज आला किंवा आत पोपडे खळखळले, तर पाइपचा तो तुकडाच बदलायचा. त्यावर पट्टी मारणं म्हणजे वेल्डला धरायला काही नसताना वेल्ड करणं.

किरकोळ म्हणावं ते एवढंच: वाकलेलं ब्रॅकेट, थोडा बाक आलेला आडवा पाइप, भिंतीची जाडी शाबूत असताना आलेली छोटी चीर. फ्रेमला पीळ पडलाय, किंवा ड्रॉबारच्या सांध्यात चीर पाइपच्या कोपऱ्याला वळसा घालून दुसऱ्या बाजूवर गेलीय, तर ते काम किरकोळ राहत नाही.

थोडा बाक असेल तर तो जॅक आणि साखळीने थंडच सरळ करा. सावकाश, आणि जोर पाइपच्या भिंतीवर नव्हे तर लाकडी ठोकळ्यावर द्या, नाहीतर बाक जाऊन पोचा येतो. गॅल्व्हनाइज फ्रेमला गॅसने तापवून ओढू नका. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं आणि ताणाखालच्या पोलादाच्या कणांमधल्या सीमांत शिरून नव्या चिरा पाडू शकतं.

चिरेच्या कामात पहिला मान ग्राइंडरचा. वेल्डच्या दोन्ही बाजूंना किमान २५ मिलिमीटर जस्त घासून चकचकीत पोलाद उघडं करा. जस्त ९०७ अंशांना उकळतं. वेल्डिंगच्या आर्कमध्ये त्याची वाफ होते, वेल्डमध्ये बुडबुडे राहतात आणि पांढरा धूर छातीत जातो. काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. दूध प्यायल्याने हा धूर उतरतो, ही गॅरेजमधली समजूत निराधार आहे. मोकळी हवा आणि धातूच्या धुरासाठीचा योग्य मास्क हाच उपाय.

चिरेच्या टोकाच्या किंचित पुढे ६ मिलिमीटरचं भोक पाडा. टोकदार चिरेच्या अग्रावर ताण प्रचंड एकवटतो. गोल भोकाने तो पसरतो आणि वेल्डच्या उष्णतेने चीर पुढे पळत नाही. मग चीर ग्राइंडरने उघडून दीड-दोन मिलिमीटरची फट करा. ३ मिलिमीटरच्या भिंतीला २.५ मिलिमीटरचा ६०१३ वेल्डिंग रॉड (६०१३, ७०१८ हे रॉडचे प्रकार) आणि ६५ ते ८५ अँपिअर पुरतात. ७०१८ चा वेल्ड अधिक चिवट, पण तो रॉड ओव्हनमधून गरम आणि कोरडा हवा; कोकणच्या दमट हवेत उघडा पडलेला ७०१८ वापरण्यापेक्षा कोरडा ६०१३ बरा. तीन-चार सेंटिमीटरचे टाके आलटून पालटून मारा, म्हणजे फ्रेम ओढली जात नाही. भोक भरा आणि वेल्ड घासून सपाट करा. अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ, त्याच पाइपवर हवा. तो चाकाकडे लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि गोळ्यांवर खड्डे पडतात. दिव्यांच्या वायरी आधीच सोडवून ठेवा.

वर पट्टी द्यायचीच, पण कशी, यात बहुतेक दुरुस्त्या फसतात. चौकोनी पट्टीची उभी कड पाइपवर आडव्या वेल्डने बांधली की ताठपणा तिथे एकदम बदलतो आणि पुढची चीर नेमकी त्या वेल्डशेजारी येते. पट्टी पाइपच्या भिंतीइतकीच जाड घ्या, लांबी पाइपच्या उंचीच्या किमान तिप्पट ठेवा आणि दोन्ही टोकं शंकरपाळ्यासारखी निमुळती कापा. ती उभ्या बाजूंवर बसवा, वरच्या-खालच्या अंगावर नाही. सर्वाधिक ताण वरच्या-खालच्या अंगावरच असतो. वेल्ड सलग चारी बाजूंनी घ्या, नाहीतर फटीत खारं पाणी शिरून आतून गंज धरतो. सुरुवात आणि शेवट मात्र टोकावर नको, मधल्या कडेवर. नंतर फ्रेम पुन्हा गॅल्व्हनाइज करून घ्यायची असेल तर पट्टीमागे हवा कोंडलेली आहे हे आधी सांगा. ४५० अंशांच्या जस्तात ती पोकळी फुटू शकते, म्हणून तिथे छोटं भोक लागतं.

बोल्टने जोडणी करायची असेल तर पोकळ पाइपमध्ये आधी आत नळीचा तुकडा घाला. नाहीतर बोल्ट आवळताना पाइप चेपतो आणि दोन फेऱ्यांत जोड सैल होतो. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम मात्र बोल्टनेच जोडावी. ६०६१-टी६ या मिश्रधातूची वेल्डशेजारची ताकद जवळपास निम्म्यावर येते.

रंगात कंजुषी नको. उघड्या पोलादावर जस्तयुक्त प्रायमरचे दोन-तीन हात देऊन एकूण किमान १०० मायक्रॉन जाडी करा. त्यातलं जस्त पोलादाच्या आधी स्वतः झिजतं, ते रेडऑक्साइडला जमत नाही. पाइपच्या आत पोहोचत नसाल तर सर्वात खालच्या जागी पाणी निचरण्याचं भोक मोकळं आहे ना, एवढं पाहा. पहिल्या ५०-६० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळा आणि पट्टीच्या टोकांवर पुन्हा एकदा लाल डाय मारा.