क्रॉस-कंपायलेशन

एका प्रकारच्या यंत्रावर बसून दुसऱ्या प्रकारच्या यंत्रासाठी प्रोग्रॅम किंवा पॅकेज तयार करणे म्हणजे क्रॉस-कंपायलेशन. राउटर किंवा सेन्सरसारख्या उपकरणात कंपायलर (लिहिलेल्या कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) चालवण्याइतकी मेमरी सहसा नसते; म्हणून बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारी फाइल तयार करण्याचे काम, मोठ्या संगणकावर होतो आणि तयार फाइल उपकरणावर चढवली जाते.

जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या परिभाषेत यात तीन यंत्रे येतात. जिथे कंपायलर चालतो ते 'बिल्ड', तयार प्रोग्रॅम जिथे चालणार ते 'होस्ट', आणि तो प्रोग्रॅम स्वतःच कंपायलर असेल तर तो ज्याच्यासाठी कोड काढणार ते 'टार्गेट'. तिन्ही वेगळी असली की त्याला 'कॅनेडियन क्रॉस' म्हणतात. हा विषय चर्चेत होता तेव्हा कॅनडात तीन राष्ट्रीय पक्ष होते, त्यावरून हे गमतीदार नाव पडले. बोलताना मात्र होस्टलाच सर्रास टार्गेट म्हटले जाते. सीमेक या बिल्डच्या साधनात तर 'होस्ट' म्हणजे बिल्ड करणारे यंत्र! दोन साधनांची कागदपत्रे शेजारी ठेवून वाचणारा इथे हमखास चकतो.

कंपायलर बदलणे हा यातला सोपा भाग. खरी डोकेदुखी म्हणजे बिल्ड यंत्रावरच्या गोष्टी नकळत पॅकेजात शिरणे. लायब्ररी (तयार कोडचा संग्रह) कुठे आहे हे सांगणाऱ्या पॅकेज-कॉन्फिगला नीट सांगितले नाही, तर तो उपकरणातल्या एआरएम प्रोसेसरसाठी मागितलेल्या लायब्ररीचा पत्ता म्हणून इंटेल संगणकावरचीच लायब्ररी दाखवतो आणि कोडचे तुकडे जोडणारा लिंकर 'फाइलचा प्रकार चुकीचा' म्हणून थांबतो. थांबला तर नशीब. हेडर (लायब्ररीत काय आहे हे कंपायलरला सांगणारी फाइल) एकीकडचे आणि लायब्ररी दुसरीकडची अशी सरमिसळ झाली, तर बिल्ड बिनबोभाट पार पडतो आणि प्रोग्रॅम उपकरणावर कोसळतो. यासाठी होस्टची हेडरे आणि लायब्रऱ्या 'सिसरूट' नावाच्या वेगळ्या फोल्डरात ठेवून शोध तेवढ्यापुरता बांधून टाकतात.

१९९१ साली सुरू झालेल्या ऑटोकॉन्फ या साधनाने तयार होणारी, बिल्डआधी चालणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट छोटे चाचणी प्रोग्रॅम कंपाइल करून, काही प्रसंगी चालवूनही, यंत्राची माहिती काढते. क्रॉस बिल्डमध्ये ते चालवता येत नाहीत. मग उत्तरे आधीच लिहून द्यावी लागतात किंवा क्यूईएमयूसारखा एम्युलेटर (दुसऱ्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) मध्ये घालावा लागतो. गो भाषेत हा व्याप बराच कमी आहे. २०१५ च्या १.५ आवृत्तीपासून तिचा कंपायलर गोमध्येच लिहिलेला आहे, आणि ऑपरेटिंग सिस्टिम व प्रोसेसर सांगणारे दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून दिलेल्या सेटिंग) बदलले की काम होते. सीची लायब्ररी जोडायची वेळ आली की मात्र जुने दुखणे परत येते.

बिल्ड यशस्वी झाला म्हणून प्रोग्रॅम बरोबर चालेलच असे नाही. सी भाषेत 'चार' (char) हा अक्षर साठवण्याचा प्रकार ऋण संख्या धरतो की नाही, हे प्लॅटफॉर्मवर ठरते: इंटेल लिनक्सवर धरतो, एआरएम लिनक्सवर सहसा नाही. फाइलमधून वाचलेले अक्षर कोणी 'चार'मध्ये ठेवून फाइल संपल्याच्या खुणेशी, म्हणजे -१ शी, ताडून पाहिले, तर एआरएमवर त्या -१ चे २५५ होतात आणि लूप कधीच थांबत नाही. तसेच 'लाँग' (long) हा पूर्णांकाचा प्रकार ६४-बिट लिनक्सवर ८ बाइटचा, तर ६४-बिट विंडोजवर ४ बाइटचा. अशा चुका अनेकदा प्रत्यक्ष यंत्रावर चाचण्या चालवल्यावरच सापडतात. डेबियन ही लिनक्स वितरण प्रणाली आपली पॅकेजे सर्वसाधारणपणे ज्या-त्या आर्किटेक्चरच्या (प्रोसेसरच्या प्रकाराच्या) यंत्रांवरच बिल्ड करते. त्यामुळे तिथे पॅकेजासोबतच्या चाचण्याही त्याच फेरीत चालवता येतात.