बाळाला सांभाळायला बाई मिळेना, याची जरा जुनी पार्श्वभूमी

माझ्या धाकट्या बहिणीची बाळंतपणाची सुट्टी संपत आली तसा घरात एकच विषय सुरू झाला, बाई मिळाली का. इथे पुण्यात ब्यूरोवाल्याला फोन केला तर तो आधी एका महिन्याच्या पगाराएवढं कमिशन मागतो, मग वर्षात दोन-तीन वेळा 'रिप्लेसमेंट' देईन म्हणतो, म्हणजे बाई टिकणार नाही हे त्याने आधीच धरलेलं असतं. पहिल्या ताई चार दिवस आल्या आणि गावी जाते सांगून गेल्या त्या गेल्याच, फोन बंद. दुसऱ्या चांगल्या होत्या पण त्यांना बाळाच्या कामाबरोबर भांडी पण सांगितली गेली (चूक आमचीच) आणि त्या दुसरीकडे लागल्या. तेव्हा आई म्हणाली, आमच्या वेळी असलं काही शोधावं लागत नव्हतं, आणि मी विचारात पडले की खरंच, तेव्हा सांभाळायचं कोण?

तर आजीच्या सासरी, सदाशिव पेठेतल्या वाड्यात, आत्या सांभाळायची. आजेसासऱ्यांची बहीण, लहानपणीच नवरा गेलेला, केशवपन झालेलं, आलवण (विधवेचं तांबडं लुगडं) नेसून आयुष्यभर भावाच्या घरी राहिलेली. घरातल्या सगळ्या पोरांना न्हाऊ घालणं, धुरी देणं, रात्री रडणाऱ्याला मांडीवर थोपटणं हे सगळं तिच्याकडे, आणि तिचं स्वतःचं असं काय होतं तर दोन लुगडी आणि माजघरातला एक कोनाडा, ज्यात तिची पोथी आणि जपमाळ असायची. पगार नाही, सुट्टी नाही, सोडून जायला जागा नाही. आपल्याकडच्या पांढरपेशा घरांत मूल सांभाळायचं काम पिढ्यानपिढ्या असं फुकट झालं आणि म्हणूनच त्याची किंमत कधी ठरली नाही, असं मला आता पक्कं वाटतं.

ही आत्या हळूहळू घरातून कमी होत गेली आणि ते फार चांगलं झालं. महर्षी कर्व्यांनी 1896 मध्ये पुण्यात विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, पुढे तो हिंगण्याला गेला, 1909 मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं, तिथे बायका शिकल्या, कुणी मास्तरीण झाली कुणी नर्स. भावाच्या घरी पोरं खेळवत बसण्याशिवाय दुसरा रस्ता तयार झाला. पण त्या आत्याचं काम आता कोण करणार हा प्रश्न कुणी घरात बसून बोलला नाही.

त्याच्याही मागे गेलं तर धाराऊ आठवते. संभाजीराजांचा जन्म 1657 चा, पुरंदरावरचा. सईबाईंना दूध पुरेना म्हणून पायथ्याच्या भागातल्या कापूरहोळची धाराऊ गाडे दूधआई म्हणून आली आणि दोनच वर्षांत सईबाई गेल्या. पुणे-सातारा रस्त्याने जाताना कापूरहोळचा फाटा लागतो तेव्हा मला दरवेळी तिची आठवण येते. तिचं नाव राहिलं कारण बाळ राजाचं होतं, बाकी हजारो दूधआयांचं नाव कुणी लिहिलं नाही.

'आया' हा शब्द मात्र आपला वाटतो तसा आपला नाही, तो पोर्तुगीज 'आइया'वरून आला. पुढे मुंबईत साहेबांच्या घरी आया ठेवायची पद्धत पडली आणि मडम मुलांना घेऊन विलायतेला निघाली की बोटीवर आयाही बरोबर जायची. यातल्या कितीतरी जणींना फक्त प्रवासापुरतं ठेवलेलं असायचं, तिकडे पोचल्यावर परतीची सोय न करताच सोडून दिल्याचे प्रकार घडले, आणि अशा अडकलेल्या आयांसाठी लंडनमध्ये एक आश्रयगृहच चालायचं, आधी ऑल्डगेटला, 1900 च्या सुमारास हॅकनीला गेलं. 2022 मध्ये हॅकनीतल्या त्या घरावर निळी पाटी लागली, लंडनमध्ये इतिहासातल्या महत्त्वाच्या घरांवर लावतात ती. आपण म्हणतो बाई अर्ध्यात सोडून जाते, पण इथे बाईलाच अर्ध्यात, परक्या देशात, सोडलेलं.

गिरणगावातली गोष्ट तर वाचवत नाही. कापड गिरणीत कामाला जाणाऱ्या आईच्या बाळाला सांभाळायला कोण नसेल तर बाळागोळी, म्हणजे अफू घातलेली गोळी, दिली जायची, की आई परत येईपर्यंत ते झोपून राहावं. मुंबई प्रांतात 1929 ला प्रसूती रजेचा कायदा आला, 1948 च्या कारखाना कायद्यात जिथे ठराविक संख्येपेक्षा जास्त बायका कामाला आहेत तिथे पाळणाघर पाहिजे असं आलं. पण हे सगळं कारखान्याच्या गेटच्या आत. दुसऱ्याच्या घरात काम करणारीला यातलं काहीच नाही.

आणि ती दुसऱ्याच्या घरातली बाई कोण, तर 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून, सोलापूर-नगरकडून कितीतरी कुटुंबं पुण्या-मुंबईत आली, पुरुषाला रोज काम मिळेलच असं नाही, बाईला मात्र धुणंभांडी लगेच मिळायची. त्यात 1980 साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, पगारवाढ आणि आजारपणाची सुट्टी यासाठी, आणि त्यातून संघटना उभ्या राहिल्या. एरवी एकेका घरात एकेकटी काम करणाऱ्या बायका एकत्र येतात ही केवढी मोठी गोष्ट, पण आमच्या घरात कुणालाच तो संप आठवत नाही याचं मला वाईट वाटतं. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा राज्यात यायला 2008 उजाडलं, त्यात नोंदणी आहे, काही मदतीच्या योजना आहेत, पण दिवसाचे तास किती आणि पगार किती हे अजूनही दारात उभं राहूनच ठरतं.

मधल्या काळात अजून एक पद्धत होती जी बोलायला जड जाते, गावाकडून दहा-बारा वर्षांची मुलगी आणायची. 'आपल्याकडे राहील, खाईल-पिईल, बाळाला खेळवेल.' आमच्या नात्यातही होतं. तिची शाळा सुटली ती सुटलीच. 10 ऑक्टोबर 2006 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवण्यावर बंदी आली आणि निदान कागदावर तरी हा रस्ता बंद झाला.

म्हणजे बघा, आत्या गेली, ती छोटी मुलगी गेली, आजी स्वतः नोकरीत किंवा दुसऱ्या गावी, आणि नेमकं याच काळात आयटीमुळे दोघंही दहा-दहा तास बाहेर. 2017 पासून बाळंतपणाची सुट्टी बारा आठवड्यांची सव्वीस झाली, पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसला पाळणाघराची सोय करायची सक्ती झाली, पण सव्वीस आठवडे म्हणजे सहा महिने, बाळ नुकतं भाताची पेज चाटायला लागलेलं असतं. त्याच्या आधीच, नोव्हेंबर 2016 मध्ये, खारघरच्या एका पाळणाघरात बाळाला मारहाण करतानाचं सीसीटीव्ही फुटेज सगळीकडे फिरलं होतं, त्यानंतर आईबापांच्या मनात जी भीती बसली ती बसलीच, हॉलमध्ये कॅमेरा, पोलिस व्हेरिफिकेशन, आधार कार्डाची झेरॉक्स. भीती खोटी नाही, मी पण कॅमेरा लावाच म्हणेन, पण बाईला तो दाखवून, सांगून लावा.

आम्हाला शेवटी तिसऱ्या मावशी ओळखीतून मिळाल्या, जनता वसाहतीतून येतात. 'मावशी' हीच हाक बघा ना, आपण अजून पगार देऊन नातंच शोधतोय. त्यांनी आल्या आल्या दोनच गोष्टी विचारल्या, रविवारी सुट्टी का, आणि दुपारी जेवायला बसायला मिळेल ना. बहिणीने या वेळी सगळं वहीत लिहून काढलं, तास, सुट्ट्या, दिवाळीचा बोनस, कामात काय येतं आणि काय येत नाही, आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यांचं स्वतःचं दोन वर्षांचं लेकरू शेजारणीकडे असतं, तिला त्या यातलेच महिन्याला पैसे देतात. ती शेजारीण संध्याकाळी सातला पोळ्यांच्या कामाला निघते, त्यामुळे मावशी सव्वासहाची बस धरणार म्हणजे धरणारच, आणि बहिणीने ऑफिसात सांगून ठेवलंय की पाचनंतरची मीटिंग मला लावू नका.