जखमेवरचा फोम आणि जखमेआधीचा फोम

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर फोमची पट्टी दिसली की नातेवाईक धास्तावतात. "बेडसोर झाला का?" तसं असेलच असं नाही. पट्टीखालची कातडी धडधाकट असू शकते, आणि ती तशीच राहावी म्हणूनच पट्टी लावलेली असू शकते.

जखमेवरच्या फोमचं काम सरळ आहे. तो स्राव शोषतो, जखमेत हवा तेवढाच ओलावा ठेवतो. स्रावाचा डाग कडेपर्यंत पोचत आला की बदलायचा.

जखम होण्याआधी लावलेला फोम शोषण्यासाठी नसतोच मुळी. पलंगाची डोक्याकडची बाजू उंच केली की माणूस हळूहळू खाली घसरतो. कातडी चादरीला धरून राहते, आतलं हाड मात्र पुढे सरकतं. मधल्या मऊ भागातल्या बारीक रक्तवाहिन्या ताणल्या जातात, पिळल्या जातात. म्हणून कितीतरी बेडसोर आतून सुरू होतात आणि वर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. सिलिकॉनच्या बहुपदरी फोमचे थर एकमेकांवर थोडे सरकतात आणि ही ओढ स्वतःवर घेतात. एकपदरी पातळ फोमकडून ही अपेक्षा ठेवू नये.

मेलबर्नच्या एका रुग्णालयात ४४० अत्यवस्थ रुग्णांवर अभ्यास झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. फोम तातडीच्या विभागातच माकडहाडावर आणि टाचांवर लावला होता. फोमवाल्या गटात ३.१ टक्के रुग्णांना बेडसोर झाले, दुसऱ्या गटात १३.१ टक्के. मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती वेळ: फोम लावायला रुग्ण अतिदक्षता विभागात पोचेपर्यंतही थांबले नाहीत.

प्रतिबंधाची पट्टी रोज किमान एकदा कड उचलून आत पाहायचं आणि पुन्हा चिकटवायची. सिलिकॉनमुळे ते जमतं. जखमेवरची पट्टी मात्र नुसतं बघायला म्हणून उघडू नये. प्रतिबंधाच्या पट्टीखाली मलम चोपडू नका, ती सुटते. मळली किंवा कड गुंडाळली गेली तर बदला.

आणि कूस बदलणं थांबवू नका, हे मी हात जोडून सांगते. फोम दाब काढून घेत नाही. टाचेला पट्टी असली तरी पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवावीच लागते.

कड उचलल्यावर लालसर डाग दिसला तर बोटानं दाबा. दाबल्यावर तो फिका पडला नाही, तर कातडी अखंड असूनही इजा सुरू झालेली आहे. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. तिथे बाजूच्या भागापेक्षा गरम, कडक किंवा दुखरं लागतंय का ते पाहा. अशा न फुटलेल्या इजाही नावात बसाव्यात म्हणून २०१६ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ मंडळानं बेडसोरसाठी 'प्रेशर अल्सर'ऐवजी 'प्रेशर इंज्युरी' हे नाव स्वीकारलं. असा डाग दिसला की पट्टी गुपचूप परत चिकटवू नका, त्याच वेळी नर्सला दाखवा.