कानातलं मशीन आणि नऊ नंबरचा बॉल

सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या एका पूल पार्लरमध्ये गेल्या उन्हाळ्यात हौशी खेळाडूंची नाईन-बॉल स्पर्धा झाली. (नाईन-बॉल हा पूलचा एक प्रकार: लहान आकड्यापासून बॉल मारत जायचं, नऊ नंबर पॉकेटमध्ये घालेल तो डाव जिंकतो.) सेमीफायनल चार-चारवर अडकली होती. तेवढ्यात खालच्या रस्त्यावर वरात आली. बँजो, ताशा, मधूनच फटाक्यांची माळ. पहिल्या खेळाडूनं क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, मागे ओढला आणि नेमकी त्याच क्षणी माळ पेटली. सरळ रेषेत उभा असलेला सात नंबर पॉकेटच्या जबड्याला आपटून परत आला. दुसरा पोरगा पंचविशीच्या आतला, अशोक चौकाच्या बाजूचा, वडील यंत्रमागावर. लहानपणापासून त्याला कमी ऐकू येतं, दोन्ही कानांत मशीन. तो उठला, दोन्ही मशीन काढून छोट्या डबीत ठेवली, डबी खिशात टाकली आणि वाकला. सात, आठ, नऊ. खलास.

"काय बे, मशीन काढून खेळूलालास? हे चीटिंग हाय!" हरलेला ओरडला. ज्याला उद्देशून ओरडला त्याला अर्थातच ते ऐकू गेलं नाही, आणि सगळा हॉल हसला. पण चहा येईपर्यंत वाद पेटलाच. पार्लर चालवणारे अण्णा माझ्याकडे वळले, "सर, तुम्ही फिजिक्स शिकवता नव्हं, तुम्हीच सांगा." मी काहीतरी गुळमुळीत बोलून सुटका करून घेतली. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. बॉल पॉट करताना, म्हणजे पॉकेटमध्ये घालताना, कमी ऐकू येणं हा खरंच फायदा आहे का? आणि असला तर तो अन्यायाचा आहे का?

(सोलापुरात पूल म्हटलं की निम्म्या लोकांना रेल्वेवरचा पूल आठवतो. त्यात क्यू टेकवायला बोटांची जी कमान करतात तिला ब्रिजच म्हणतात. म्हणजे पुलासाठी पूल.)

हा वाद फक्त आमच्या पार्लरचा नाही. अमेरिकेचा शेन व्हॅन बोनिंग जन्मापासून कमी ऐकतो, श्रवणयंत्र वापरतो, आणि सामन्यात ते बंद ठेवतो. त्यानं यूएस ओपन नाईन-बॉल पाच वेळा जिंकली (२००७, २०१२, २०१३, २०१४ आणि २०१६), आणि २०२२ मध्ये तो नाईन-बॉलचा जगज्जेता झाला. एवढं यश दिसलं की "त्याला बरंय, त्याला आवाजच येत नाही" हे वाक्य कुणाच्या तरी तोंडी येणारच. उलट बाजूनं पाहा: पाच यूएस ओपन जिंकलेला दुसरा अमेरिकन अर्ल स्ट्रिकलंड याला चांगलं ऐकू येतं, आणि तो कधीकधी कानांवर मोठाले इअरमफ चढवून खेळताना दिसला आहे. म्हणजे आवाजाचा त्रास खरा आहे, एवढं तरी दोन्ही बाजूंना मान्य.

तो किती खरा आहे, याचा हिशेब कागदावर करता येतो. पूलचा बॉल ५७ मिलिमीटर व्यासाचा. पांढऱ्या बॉलपासून एक मीटरवर दुसरा बॉल आहे आणि शॉट अगदी सरळ आहे असं धरा. क्यूची दिशा फक्त पाव अंशानं चुकली, तर पांढरा बॉल तिथं पोहोचेपर्यंत साधारण साडेचार मिलिमीटर बाजूला सरकतो. पण दोन गोल एकमेकांवर आदळतात तेव्हा ही चूक फुगते, आणि समोरचा बॉल साडेचार अंशांनी वाकडा जातो. पुढच्या एका मीटरवर तो पावणेआठ सेंटीमीटर बाजूला असतो. पॉकेटचं तोंड असतं साडेअकरा सेंटीमीटरच्या आसपास, त्यातून बॉलची रुंदी वजा केली तर दोन्ही बाजूंना मोकळीक उरते जेमतेम तीन सेंटीमीटर. पाव अंश म्हणजे पॉकेट हुकलं. कॅरममध्ये बोट थोडं थरथरलं तर सोंगटी निदान भोकाच्या आसपास तरी जाऊन थांबते. इथं तेवढीही दया नाही.

आणि अचानक मोठा आवाज झाला की शरीर पाव अंशाच्या कितीतरी पुढे जातं. दचकणं ही माणसाच्या सगळ्यांत वेगवान प्रतिक्षिप्त क्रियांपैकी एक आहे. कानापासून मेंदूच्या बुंध्यापर्यंत आणि तिथून थेट मणक्यात, मधे 'विचार करू का?' असं विचारायला कुणी नाही. पापणी ३०-४० मिलिसेकंदांत मिटते आणि हाताच्या स्नायूंपर्यंत तो झटका सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत जातो. दिव्याचा रंग बदललेला पाहून मुद्दाम बटण दाबायला आपल्याला याच्या दुप्पट वेळ लागतो. तेव्हा "मन घट्ट ठेव, दचकू नकोस" हा सल्ला देणाऱ्याला शरीररचना ठाऊक नसते. सात नंबर चुकलेल्या त्या पोराचा काही दोष नव्हता.

दुसरा त्रास बोलण्याचा. पंख्याची एकसुरी घरघर आपण पाच मिनिटांत विसरतो, पण मागच्या बाकावरची कुजबुज डोक्यात शिरते. १९७६ मध्ये कोल आणि वेल्श या दोघांनी इंग्रजी बोलणाऱ्या लोकांना काही अक्षरं क्रमानं लक्षात ठेवायला सांगितली आणि पाठीमागून जर्मन मजकूर वाचून दाखवला. एक शब्द कळत नव्हता, तरी चुका वाढल्या. सोलापूरकरांना हे सांगायला नको. इथं पार्लरमध्ये गुण मराठीत मोजतात, सल्ला तेलुगूत देतात आणि शिव्या कन्नडमध्ये, आणि तिन्ही सारख्याच लागतात. त्यात कुणी तुमचं नाव घेतलं तर संपलंच. १९५९ मध्ये नेव्हिल मोरे यांनी दाखवलं की दुर्लक्ष करायला सांगितलेल्या कानात स्वतःचं नाव आलं, तर सुमारे एक तृतीयांश लोकांना ते ऐकू येतंच.

इथपर्यंत हरलेल्या पोराची बाजू भक्कम दिसते. आता उलट प्रश्न: ऐकू आल्यानं खेळाडूला मिळतं काय? क्यूची टिप, म्हणजे पुढचं टोक, बॉलला लागण्याचा 'टक्' प्रत्येक खेळाडू ओळखतो. नीट लागला तर भरीव, टिप घसरली तर पोकळ. पण टिप आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात ते साधारण एक मिलिसेकंद. वाकलेल्या खेळाडूचा कान टिपेपासून जवळजवळ एक मीटर लांब असतो, आणि आवाजाला तेवढं अंतर कापायला तीन मिलिसेकंद लागतात. म्हणजे 'टक्' कानात पोहोचतो तेव्हा बॉल टिपेला सोडून निघून गेलेला असतो. त्या शॉटपुरता कान निरुपयोगी. उपयोग पुढच्या शॉटला, शिकायला. आणि ते शिकण्याची दुसरी वाट हातात असते. क्यूच्या लाकडातून येणारी थरथर तळव्याला कळते. कातडीखालच्या पॅसिनियन कणिका दोनशे-तीनशे हर्ट्झच्या कंपनांना फार तल्लख असतात. आमच्या त्या खेळाडूला मी एकदा विचारलं होतं, मिसक्यू झाला, म्हणजे टिप घसरली, हे तुला कसं कळतं? त्यानं मागचा हात पुढे केला आणि अंगठ्याखालचा मांसल भाग दाबून दाखवला.

आपण ऐकणारे लोक इथं एक मोठी चूक करतो. कमी ऐकू येणं म्हणजे रेडिओचा आवाज बारीक करणं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. आतल्या कानात, गोगलगाईसारख्या गुंडाळलेल्या नळीत, आवाज टिपणाऱ्या साधारण १५-१६ हजार केसपेशी असतात. मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आणि त्या सगळ्या एकदम, सारख्या मरत नाहीत. बहुतेक वेळा उंच सूर टिपणाऱ्या पेशी आधी जातात. मग ढोल ऐकू येतो, पण 'स', 'श', 'त' गळून पडतात. पंचानं 'सात' म्हटलं की 'स' हवेत विरतो आणि उरतं 'आत', ते 'आठ' वाटायला वेळ लागत नाही. नाईन-बॉलमध्ये सर्वांत लहान आकड्याच्या बॉलला आधी मारावं लागतं. सात की आठ हा तिथं काही व्याकरणाचा प्रश्न नाही.

त्याहून विचित्र प्रकार पुढचा. केसपेशी गेलेल्या कानाला बारीक आवाज येत नाही, पण मोठा आवाज बऱ्याचदा आपल्याइतकाच मोठा लागतो. मधली शिडीच गायब. आवाज थोडासा वाढला की 'काही नाही'वरून थेट 'कान फुटला' अशी उडी. त्यामुळे फटाक्याची माळ अशा माणसाला लागत नाही हे गृहीत धरू नका. आणि शांतता? कित्येकांच्या कानात सतत शिट्टी किंवा गुणगुण चालू असते, आणि बाहेरचा आवाज बंद केला की ती जास्तच ठळक होते. मशीन डबीत ठेवलं म्हणून डोक्यात देवळासारखी शांतता पसरते, ही आपली कल्पना.

आणि मग मेंदू. ऐकण्याची जागा रिकामी पडली तर मेंदू ती ओसाड ठेवत नाही. कॅनडात स्टीफन लोंबर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये जन्मतः बहिऱ्या मांजरींवर प्रयोग केला. नजरेच्या कडेला चमकलेली गोष्ट नेमकी कुठं आहे, हे त्या मांजरी ऐकणाऱ्या मांजरींपेक्षा चांगलं ओळखत. संशोधकांनी त्यांच्या मेंदूतला ऐकण्याचा एक ठराविक भाग तात्पुरता थंड करून बंद केला, आणि ती करामत नाहीशी झाली. कानाच्या खोलीत डोळा भाडेकरू म्हणून राहत होता! माणसांवर डॅफ्नी बॅव्हेलिये आणि इतरांनी काम केलं. जन्मापासून खोल बहिरेपण असलेल्यांची नजर तीक्ष्ण होत नाही, पण नजरेच्या कडेकडे त्यांचं लक्ष जास्त असतं.

"बघा, हाच फायदा!" असं म्हणायच्या आत पूलचं टेबल आठवा. खेळाडू ज्या बॉलकडे पाहतोय तो समोर, मध्यभागी. कडेला काय आहे? चहाचा ट्रे घेऊन जाणारा पोरगा, मोबाइल काढणारा प्रेक्षक, क्यूला चॉक लावत उभा राहिलेला प्रतिस्पर्धी. याच संशोधनात बहिऱ्या लोकांचं लक्ष कडेच्या गोष्टींनी जास्त विचलित झालं, तर ऐकणाऱ्यांचं मध्यातल्या गोष्टींनी. म्हणजे त्रास गेला नाही, कानातून डोळ्याच्या कोपऱ्यात राहायला गेला. शिवाय तोल सांभाळणारी इंद्रियं कानाच्या त्याच हाडात, त्याच द्रवाला जोडलेली. जन्मतः कमी ऐकणाऱ्या बऱ्याच मुलांचा तोलही थोडा कच्चा असतो. एका पायावर भार टाकून टेबलावर आडवं व्हायच्या खेळात याचा हिशेब कुणी मांडत नाही.

नियमांतही कान दडलेला आहे. सलग तीन फाऊल झाले की डाव जातो, आणि दोन झाले की पंचानं ते बोलून दाखवायचं असतं. दोन बॉल अगदी जवळ असताना क्यू पांढऱ्याला दोनदा लागला का, हे बऱ्याचदा 'टक्'च्या जागी आलेल्या 'टकटक'वरून ओळखतात. पंच नसलेल्या सामन्यात ज्याला ती टकटक ऐकू आली नाही, तो वाद कसा घालणार?

आता अन्यायाकडे. मशीन काढून जे मिळतं ते दुसऱ्यालाही मिळू शकतं का, ही माझ्या मते साधी कसोटी. मेडिकलच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात, स्वस्तात. नीट बसवले तर २०-३० डेसिबल कमी करतात. रायफल नेमबाज कान झाकूनच खेळतात, त्याबद्दल कुणी भांडत नाही. मग तक्रार उरते कशाची? पंचांना खरोखर डोळा ठेवायचाच असेल तर तो मशीन चालू असताना ठेवावा. आजची श्रवणयंत्रं ब्लूटूथवरून थेट फोनला जोडली जातात. बाहेर उभा असलेला उस्ताद हळूच "डावीकडनं घे" म्हणाला, तर कुणाला कळणार? डेफलिंपिक्समध्ये, म्हणजे १९२४ पासून चालत आलेल्या बहिऱ्यांच्या जागतिक स्पर्धांत, खेळताना मशीन काढावंच लागतं. तिथं पात्र व्हायला चांगल्या कानातही किमान ५५ डेसिबलचं नुकसान लागतं, आणि मशीन लावून कुणी वरचढ होऊ नये म्हणून ही काळजी. ज्या गोष्टीला आमच्या पार्लरमध्ये चीटिंग म्हटलं गेलं, तिथं तोच नियम आहे.

सोलापुरात या प्रश्नाला आणखी एक अस्तर आहे. चादरीच्या आणि टॉवेलच्या कारखान्यांत धोट्याच्या मागांचा खडखडाट सहज ९५-१०० डेसिबलच्या घरात जातो. ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, हा कानाच्या डॉक्टरांचा हिशेब. तो लावला तर १०० डेसिबलमध्ये कान पाव तासच सुरक्षित. पाळी असते आठ-दहा तासांची. आधी ४००० हर्ट्झच्या आसपासच्या केसपेशी जातात, आणि माणसाला पत्ता लागतो तो घरचे "टीव्ही बारीक कर" म्हणू लागल्यावर. जुने विणकर मागावर एकमेकांशी हातवारे आणि ओठांनी बोलतात ते उगीच नाही. त्या पोराचे वडील सामना पाहायला आले होते. तेही दोन वाक्यांत एकदा "आं?" म्हणत होते. फायदा वाटून घ्यायचा असेल तर सोलापूरच्या अर्ध्या पूर्व भागाला, म्हणजे विणकरांच्या वस्तीला, पूल शिकवावा लागेल.

हे सगळं लिहायच्या आधी मी स्वतः फोमचे बोळे घालून आठवडाभर खेळलो. पहिली गोष्ट म्हणजे स्वतःचाच आवाज वाढतो. गिळलेलं ऐकू येतं, दातावर दात घासलेला ऐकू येतो, वाकलं की श्वास भात्यासारखा. दुसरी गोष्ट शनिवारी कळली. समोर तोच पोरगा, त्या दिवशी दोन्ही मशीन कानांत. ब्रेकनंतर, म्हणजे डाव उघडणाऱ्या फटक्यानंतर, त्यानं पांढरा बॉल हलकेच ढकलला, कुठल्याच बॉलला न लागता. फाऊल समजून मी बॉल हातात उचलला. अण्णा काउंटरवरून हात हलवत होते. त्यानं मारायच्या आधी मोठ्यानं 'पुश' म्हटलं होतं. ब्रेकनंतरच्या पहिल्या शॉटला ते चालतं, फक्त आधी सांगावं लागतं. ऐकलं नव्हतं ते मी. आता फाऊल माझा, बॉल उचलल्याचा.

पोरानं आधी स्वतःच्या कानाकडे बोट केलं, मग माझ्या. आणि पांढरा बॉल माझ्या हातातून काढून घेतला.