वेदनाशामक गोळ्यांची मिश्रणं: बंदी, न्यायालय आणि सोडियम

एका गोळीत दोन-तीन वेदनाशामकं घालण्यावरून आज जो वाद चालतो, त्याची सुरुवात १९८८ च्या सप्टेंबरातली. नियम बदलला आणि असं नवं मिश्रण हे ‘नवं औषध’ धरून केंद्राची मंजुरी सक्तीची झाली. तरी कित्येक उत्पादक राज्यांकडून थेट परवाने घेत राहिले. २००७ मध्ये २९४ मिश्रणं मागे घ्यायला सांगितली, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेलं आणि स्थगिती आली.

मग १० मार्च २०१६ रोजी एकदम ३४४ मिश्रणांवर बंदी आली. यादीत निमसुलाइड-डायक्लोफेनॅक होतं. त्यावर तरी वाद व्हायला नको होता. दोन्ही औषधं एकाच गटातली, प्रोस्टाग्लँडिन म्हणजे वेदना आणि सूज वाढवणारी शरीरातली रसायनं रोखणारी. एकत्र घेऊन आराम दुप्पट होत नाही, पोटात रक्तस्राव होण्याचा आणि मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका मात्र वाढतो. डिसेंबरात न्यायालयाने बंदी रद्द केली, पण औषधं निर्धोक ठरली म्हणून नव्हे. कायद्याने सांगितलेल्या तांत्रिक मंडळांचा सल्ला घेतला नव्हता म्हणून. वर्षभराने वरच्या न्यायालयाने फेरतपासणी करायला लावली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणं पुन्हा बंद झाली. प्रोपिफेनाझोन, पॅरासिटामॉल आणि कॅफिन असलेली सॅरिडॉन मात्र १९८८ पूर्वीची असल्याच्या मुद्द्यावर टिकली. औषध जुनं असणं हा सुरक्षिततेचा पुरावा कसा होतो, हे मला आजही पटत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ मिश्रणं गेली. त्यात ॲसिक्लोफेनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅमची गोळी होती. १०० आणि ३२५ ची गोळी चालू राहिली.

हे सगळे आदेश एका गोळीच्या आत काय आहे त्यापुरते. घरच्या डब्यात होणाऱ्या मिश्रणाला ते लागू नाहीत. पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक यांपैकी एकच, थोडे दिवस, हे एरवी धडधाकट माणसाला सहसा चालतं. पण कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम आधीच असतं. त्यावर तापासाठी क्रोसिन आणि रात्री कंबरेसाठी डायक्लोफेनॅक घेतलं, की एका गटाची दोन औषधं आणि दुहेरी पॅरासिटामॉल पोटात जातं. प्रौढाला पॅरासिटामॉलची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम. यकृत कमजोर असेल किंवा दारूची सवय असेल तर त्याहून कमी. मुंबईच्या पावसाळ्यात ताप आला, तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलच घ्यावं. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळावं, कारण रक्तस्रावाची भीती असते.

सोडियमचा घोळ वेगळा. ‘डायक्लोफेनॅक सोडियम’ वाचून रक्तदाबाचे रुग्ण बिचकतात. त्या ५० मिलिग्रॅमच्या गोळीत सोडियम जेमतेम ४ मिलिग्रॅम असतं आणि ते औषध नीट विरघळावं म्हणून असतं. रक्तदाब वाढतो तो डायक्लोफेनॅकमुळेच, कारण ते शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं. उलट पाण्यात फसफसणाऱ्या ५०० मिलिग्रॅमच्या पॅरासिटामॉल गोळीत साधारण ४०० मिलिग्रॅम सोडियम असू शकतं. अशा पाच गोळ्यांत प्रौढासाठी सुचवलेली दिवसाची २ ग्रॅमची मर्यादा संपते, जेवणातलं मीठ वेगळंच.

सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या वेदनाशामक नाहीत. त्या आम्लपित्तावर घेतल्या जातात आणि मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात रक्तातलं आम्ल आटोक्यात ठेवायला डॉक्टर देतात. मूत्रपिंडाच्या याच रुग्णांनी डायक्लोफेनॅकच्या गटापासून दूर राहायचं असतं. म्हणून गुडघ्यासाठी नवी गोळी घेताना त्यांनी मूत्रपिंडाच्या डॉक्टरांची चिठ्ठीही केमिस्टला दाखवावी.