अंथरूण, पाय आणि उद्योगाची वाढ

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा सल्ला घरखर्चाच्या बाबतीत बिनतोड असला, तरी उद्योगाच्या वाढीला तो जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण तेथे अंथरूण मोजणारा प्रमुखच ते पुष्कळदा आखूड मोजतो. भांडवल, माणसे आणि वेळ अपुरा असणे ही वस्तुस्थिती झाली. त्या अपुरेपणाने प्रमुखाच्या विचारांचे काय होते, हा वेगळा प्रश्न आहे.

बॅरी स्टॉ, लान्स सँडेलँड्स आणि जेन डटन या व्यवस्थापन-संशोधकांनी १९८१ मध्ये असे मांडले, की संकटाची चाहूल लागताच संस्था ताठर होतात: निर्णय वरच्या एक-दोघांच्या हाती एकवटतात, माहितीचे मार्ग अरुंद होतात आणि जुन्याच सवयींचा आधार घेतला जातो. पुढे २०१२ मध्ये अनुज शाह, सेंधिल मुल्लईनाथन आणि एल्डार शफीर यांनी साध्या खेळांच्या प्रयोगांतून टंचाईची दुसरी बाजू दाखवली. ज्यांना कमी संधी दिल्या होत्या ते खेळाडू प्रत्येक संधी अधिक एकाग्रतेने वापरत. मात्र पुढच्या फेऱ्यांतून उसने घेण्याची मुभा मिळताच ते इतके उसने घेत, की एकूण गुणांत त्यांचेच नुकसान होई. या विषयातले सगळेच निष्कर्ष सारखे भक्कम नाहीत, हेही येथेच सांगितले पाहिजे. टंचाईच्या मानसशास्त्रावरील वीस अभ्यास पुन्हा करून पाहिले असता त्यांपैकी चारच ठळकपणे टिकले, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून ‘गरजेने बुद्धीच मंदावते’ अशी सरसकट विधाने जपूनच करावीत. अतिरेकी उसनवारीचा निष्कर्ष मात्र मूळ संशोधकांच्या फेरतपासणीतही कायम राहिला.

उद्योगाच्या दृष्टीने हे महत्त्वाचे का, याचे उत्तर अर्थतज्ज्ञ एडिथ पेनरोज यांनी १९५९ मध्येच देऊन ठेवले होते. त्यांच्या मते संस्थेच्या वाढीचा वेग पैशापेक्षाही व्यवस्थापनाजवळ नव्या कामासाठी किती क्षमता मोकळी आहे यावर ठरतो. प्रमुखाचे सगळे लक्ष आजची देणी भागवण्यात अडकले, तर नेमकी हीच क्षमता संपते, आणि हे कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

मग हाताशी असेल त्यावर भागवणे, ज्याला आपण जुगाड म्हणतो, ते चांगले की वाईट? टेड बेकर आणि रीड नेल्सन यांनी साधनांची चणचण असलेल्या २९ छोट्या उद्योगांचा अभ्यास करून २००५ मध्ये दिलेले उत्तर मला या साऱ्या संशोधनात सर्वांत उद्बोधक वाटते. त्यांना भेटलेल्या एका शेतकऱ्याने आपल्या जमिनीखालच्या बंद पडलेल्या कोळसा खाणींतील मिथेन वापरून वीज तयार केली, जनित्राची वाया जाणारी उष्णता टोमॅटोच्या हरितगृहाला दिली आणि पुढे टोमॅटोच्या मुळांना दिल्या जाणाऱ्या पाण्यात मासेही वाढवले. इतरांना उपद्रव वाटणारा वायू त्याला कच्चा माल दिसला. परंतु कच्चा माल, मजूर, कौशल्ये, ग्राहक आणि नियम या सगळ्याच बाबतींत कायम जुगाड करणारे उद्योग वाढले नाहीत. त्यांचे ग्राहक, मित्र आणि पुरवठादार एकमेकांत मिसळून गेले, प्रत्येक काम वेगळ्या सवलतीचे व वेगळ्या जुळवाजुळवीचे झाले, आणि मालकाचा दिवस ती नाती व ती जुनी यंत्रे सांभाळण्यातच सरला. जे वाढले त्यांनी जुगाड निवडक ठिकाणी केला आणि बाकीच्या कामांना ठरलेली पद्धत लावली.

दृष्टिकोन शिकवता येतो का, याचा पुरावा टोगोची राजधानी लोमे येथे मिळाला. तेथील १,५०० सूक्ष्म उद्योजकांचे तीन गट करून एकाला हिशेब, विपणन यांसारखे रूढ प्रशिक्षण, दुसऱ्याला स्वतःहून पुढाकार घेण्याचे, अडथळे आधीच ओळखण्याचे आणि चिकाटीचे प्रशिक्षण देण्यात आले, तर तिसऱ्याला काहीच दिले नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दुसऱ्या गटाचा नफा तिसऱ्याच्या तुलनेत ३० टक्क्यांनी वाढला. रूढ प्रशिक्षणाची ११ टक्के वाढ संख्याशास्त्रीय कसोटीला उतरली नाही. विशेष म्हणजे पुढाकार शिकलेल्यांनी नवी उत्पादने अधिक आणली आणि कर्जेही अधिक घेतली.