चौकोनांपासून ‘वऱ्हाड’पर्यंत: अँड्रॉइडच्या अपडेटांची पार्श्वभूमी

२०११-१२ च्या सुमाराला अँड्रॉइड २.३ वर चालणारा साधा, स्वस्तातला फोन ज्यांच्याकडे होता, त्यांना ते चौकोन आठवत असतील. समोरच्याने देवनागरीत ‘मराठी’ असं लिहून पाठवलं की पडद्यावर पाच रिकामे चौकोन ओळीने उभे राहायचे. पाचच, कारण संगणकाच्या हिशेबात या शब्दाचे पाच तुकडे पडतात: म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी. मजकूर बिनचूक पोचलेला असायचा, पण तो दाखवायला फोनमध्ये अक्षरंच नसायची.

जून २०२५ मध्ये अँड्रॉइडची सोळावी आवृत्ती आली. हा सगळा प्रवास बहुधा मिठायांच्या नावांनी सांगितला जातो: कपकेक, डोनट, जिंजरब्रेड, किटकॅट. मला तो अक्षरांच्या बाजूने सांगायचा आहे. अपडेटने नेमकं काय बदलतं, हे मराठी वाचणाऱ्याला तिथेच सगळ्यात स्वच्छ दिसतं. अपडेट निघणं वेगळं आणि ते आपल्या हातातल्या फोनपर्यंत येणं वेगळं, हेही तिथेच कळतं.

अँड्रॉइड ही मुळात स्वतंत्र कंपनी. ऑक्टोबर २००३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे अँडी रुबिन, रिच मायनर, निक सीअर्स आणि ख्रिस व्हाइट या चौघांनी ती काढली. त्यांच्या डोक्यात आधी डिजिटल कॅमेऱ्यासाठीची प्रणाली होती. तो बाजार पुरेसा मोठा नाही असं दिसल्यावर ते फोनकडे वळले. २००५ मध्ये गूगलने कंपनी विकत घेतली. ऑक्टोबर २००८ मध्ये एचटीसीने बनवलेला टी-मोबाइल जी१ हा पहिला अँड्रॉइड फोन अमेरिकेत विक्रीला आला. पडदा सरकवला की त्याच्याखाली बटणांचा कीबोर्ड निघायचा. तो असणं भागच होतं, कारण पडद्यावरचा कीबोर्ड प्रणालीत अजून नव्हताच.

तो आला एप्रिल २००९ मध्ये, १.५ ‘कपकेक’बरोबर. आपल्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट. बटणावर छापलेलं अक्षर बदलता येत नाही, पडद्यावरचं बदलता येतं. शिवाय याच आवृत्तीपासून बाहेरच्या कुणालाही स्वतःचा कीबोर्ड बनवून प्रणालीत बसवण्याची मुभा मिळाली. पुढे मराठीसाठी जे अनेक कीबोर्ड निघाले, त्यांचं दार इथे उघडलं. सप्टेंबर २००९ मधल्या १.६ ने वेगवेगळ्या आकाराच्या पडद्यांची सोय केली, आणि लहान पडद्याच्या, कमी किमतीच्या फोनांना वाट मिळाली. २.२ मध्ये वायफाय हॉटस्पॉट आला, २.३ डिसेंबर २०१० मध्ये, ३.० फक्त टॅबलेटसाठी. कीबोर्ड बसवता येत होता, पण दाबलेलं अक्षर पडद्यावर दिसेल याची खात्री नव्हती.

देवनागरी दाखवायची म्हणजे नुसता फॉन्ट टाकून भागत नाही. इंग्रजीत अक्षरं एकापुढे एक ठेवली की शब्द तयार होतो. आपल्याकडे ‘शिवाजी’ लिहिताना साठवणीत आधी श असतो आणि नंतर पहिली वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी श च्या अलीकडे काढावी लागते. ‘महाराष्ट्र’ या शब्दाचे दहा तुकडे होतात आणि त्यातले शेवटचे पाच (ष, हलन्त, ट, हलन्त, र) वितळून एकच जोडाक्षर होतं. हा जोडकामाचा नियम जाणणारा वेगळा भाग प्रणालीत लागतो. अँड्रॉइडमध्ये हे काम हार्फबझ नावाची मुक्त प्रणाली करते. तिचं नाव फारसीतून आलंय: हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुलं. बेहदाद इस्फहबोद या इराणी वंशाच्या अभियंत्याने ती नव्याने लिहून काढली. फारसी, अरबी, देवनागरी, तमिळ अशा सगळ्या अवघड लिप्यांचं ओझं ही एकच प्रणाली उचलते. तिचं नाव मराठी घराघरांत माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

हा भाग नसताना कुणी जुगाड करून नुसता फॉन्ट चढवला, की ‘मराठी’ छान दिसायचं आणि ‘महाराष्ट्र’ मात्र ‘महाराष्‌ट्‌र’ असं मोडून पडायचं. ‘शिवाजी’तली वेलांटी श ला सोडून व च्या गळ्यात पडायची. काही कंपन्यांनी भारतातल्या आपल्या फोनांत स्वतःच देवनागरी बसवली होती, पण तो त्या त्या कंपनीचा प्रश्न होता. प्रणाली ती हमी देत नव्हती.

त्या दिवसांतला एक उपाय आठवतो. ऑपेरा मिनी या ब्राउझरमध्ये पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ टाइप करायचं. समोर एक लांबलचक यादी उघडायची आणि तळाशी अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरायचे का, अशी ओळ असायची. तिथे ‘यस’ करायचं आणि सेव्ह. मग मजकुराऐवजी ऑपेराचा सर्व्हर त्या मजकुराचं चित्र काढून फोनकडे पाठवायचा, आणि बातम्या मराठीत वाचता यायच्या. कॉलेजच्या कट्ट्यावर, ऑफिसात, एसटीत शेजारी बसलेल्याकडून ही युक्ती एकाची दुसऱ्याला कळायची. चित्रच असल्याने त्यातला शब्द उचलून दुसरीकडे चिकटवता येत नसे. तरीही डोळ्यांना मराठी दिसत होती.

लिहिणारे मात्र रोमन अक्षरांकडे वळले. त्याला पैशाचंही कारण होतं: इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरी युनिकोडात (जगभरच्या लिप्यांच्या सामाईक संकेतात) ७०. तोच निरोप मराठी लिपीत पाठवला तर दोन-तीन एसएमएसचे पैसे जायचे. रोमन मराठीला आळस म्हणणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडलेला मी पाहिला नाही. फोन दाखवत नव्हता, कंपनी जास्त पैसे घेत होती, आणि त्या पाच-सात वर्षांत एका पिढीच्या बोटांना जी सवय लागली ती लागलीच.

ऑक्टोबर २०११ मध्ये ४.० ‘आइस्क्रीम सँडविच’ आलं आणि देवनागरी प्रणालीतच बऱ्याच अंशी नीट उभी राहिली. २०१२ च्या ४.१ मध्ये कन्नड, तेलुगू आणि मल्याळम लिप्यांची भर पडली. आणि नोव्हेंबर २०१४ मधल्या ५.० ‘लॉलीपॉप’मध्ये एकदम पंधरा नव्या भाषा आल्या, त्यांत मराठी होती. तिच्यासोबत बंगाली, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम, नेपाळी आणि सिंहली. तोवर मराठी मजकूर फोनवर दिसत होता. आता फोन स्वतः मराठीत बोलू लागला. सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत ‘मराठी’ हा शब्द देवनागरीत लिहिलेला होता. तो निवडला की मेनू, सूचना, तारखा, सगळं बदलायचं.

माझ्या आत्याचा फोन २०१६ मध्ये मी असा मराठीत करून दिला. ती बालवाडीत शिकवायची. तिने चष्मा लावला आणि सेटिंग्जचा सगळा मेनू वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचून काढला, पेपर वाचावा तसा. डिस्प्ले, बॅटरी, स्टोरेज हे शब्द इंग्रजीच होते, फक्त देवनागरीत. काही मंडळींना ते खटकतं. मला ते योग्य वाटतं. बॅटरीला विजेरी कुणी म्हणत नाही, आणि आत्या त्यातल्या एकाही शब्दावर अडली नाही.

आता पोचण्याची गोष्ट. लॉलीपॉप नोव्हेंबर २०१४ मध्ये निघालं म्हणजे मराठी त्या दिवशी सगळ्यांना मिळाली असं झालं नाही. गूगल प्रणालीचा मूळ कोड प्रसिद्ध करतं. मग चिप बनवणारी कंपनी, म्हणजे क्वालकॉम किंवा मीडियाटेक, आपल्या चिपसाठी त्यात फेरफार करते. मग फोन बनवणारी कंपनी आपलं रंगरूप, आपली ॲप्स चढवते, चाचण्या घेते, आणि शेवटी फोनवर सूचना येते. या साखळीतल्या एकाने जरी नाद सोडला तरी पुढे काही सरकत नाही. स्वस्त फोनवर नफा थोडा. वर्षभरापूर्वी विकलेल्या मॉडेलवर अभियंते बसवायला कोण तयार होणार? मी २०१३ मध्ये घेतलेल्या फोनच्या कंपनीने पुढची आवृत्ती देऊ असं सांगितलं होतं. सेवा केंद्रात दोन खेपा घातल्या, ‘पुढच्या महिन्यात’ हे उत्तर ऐकलं. ती आवृत्ती आलीच नाही. फोनमध्ये बाकी काहीही बिघडलेलं नव्हतं.

हा अडसर दूर करण्याचा एक मोठा प्रयत्न भारतातच सुरू झाला. १५ सप्टेंबर २०१४ रोजी दिल्लीत सुंदर पिचाई यांनी ‘अँड्रॉइड वन’ जाहीर केलं. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या तीन भारतीय कंपन्यांचे फोन, किंमत ६,३९९ रुपयांपासून पुढे, आणि अपडेट थेट गूगलकडून, दोन वर्षांपर्यंत. कल्पना अगदी नेमकी होती: ज्या माणसाला नव्या फोनचा खर्च झेपत नाही, त्यालाच अपडेटची गरज सर्वांत जास्त असते. पण दुकानदारांना आणि कंपन्यांना त्यात फारसं उरत नव्हतं, शिवाय विक्री सुरुवातीला फक्त ऑनलाइन होती. पहिल्या फोनांनी बाजारात जम धरला नाही. पुढे हे नाव दुसऱ्या, जरा महागड्या फोनांवर दिसू लागलं. मला हे आजही लागतं. योजना ज्यांच्यासाठी आखली होती, त्यांच्याकडूनच ती दूर गेली.

२०१५ च्या जुलैमध्ये ‘स्टेजफ्राइट’ हा दोष उघड झाला. नुसत्या एका एमएमएसमधून फोनचा ताबा घेता येईल असा तो होता. त्यानंतर ऑगस्टपासून गूगल दर महिन्याला सुरक्षा दुरुस्त्या काढू लागलं. सेटिंग्जमध्ये आज जी सुरक्षा पॅचची तारीख दिसते ती या दुरुस्त्यांचीच. पण साखळी तीच राहिली तर दर महिन्याची दुरुस्तीही तिथेच अडकणार. म्हणून २०१७ च्या ८.० ‘ओरिओ’मध्ये ‘प्रोजेक्ट ट्रेबल’ आला: चिप कंपनीचा भाग आणि अँड्रॉइडचा भाग यांच्यामध्ये स्पष्ट भिंत घातली, म्हणजे एक बदलताना दुसऱ्याला हात लावावा लागू नये. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून प्रणालीचे काही भाग प्ले स्टोअरमधून परस्पर बदलता येऊ लागले. याच आवृत्तीत मिठायांची नावं जाहीर व्यवहारातून गेली. सगळ्या भाषांत ती उच्चारता येत नाहीत आणि सगळ्यांना ती मिठाई माहीत नसते, हे कारण दिलं गेलं, आणि ते पटण्याजोगं आहे.

मराठीपुरतं बोलायचं तर या काळात तीन बदल महत्त्वाचे झाले. २०१६ च्या ७.० मध्ये एकापेक्षा जास्त भाषा पसंतीच्या क्रमाने ठेवता येऊ लागल्या: आधी मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी. घरात तीन भाषा वावरणाऱ्या माणसाचं जगणं फोनला पहिल्यांदा कळलं. २०२२ च्या अँड्रॉइड १३ ने प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवू दिली, म्हणजे फोन मराठीत आणि बँकेचं ॲप इंग्रजीत, किंवा उलट. आणि ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने बोलून लिहिण्याच्या सोयीत मराठीसह आठ भारतीय भाषा घेतल्या. ही सोय प्रणालीच्या आवृत्तीला बांधलेली नव्हती, ॲपमधून आली, म्हणून जुन्या फोनांवरही पोचली. माझ्या पाहण्यात रोमन मराठीची सवय मोडायला तिच्याइतकी मदत दुसऱ्या कशाने केली नाही.

एक अक्षर जवळून पाहण्याजोगं आहे: ‘ॲ’. ‘ॲप’ हा शब्द आज आपण दिवसातून दहा वेळा लिहितो, पण हे अक्षर युनिकोडमध्ये आलं एप्रिल २००८ मध्ये, पहिला अँड्रॉइड फोन विकला गेला त्याच वर्षी. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र चढवायला जायचे, आणि मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ उमटायचं. कारण नियमाप्रमाणे मात्रा व्यंजनाला लागते, स्वराला नाही. मग कुणी अदृश्य जोडचिन्ह घालून ते वर्तुळ लपवायचं. नवं अक्षर युनिकोडात आल्यावर फॉन्टमध्ये, तिथून फोनमध्ये, मग कीबोर्डवर पोचायला आणखी काही वर्षं गेली. ‘अँड्रॉइड’ लिहिताना आपण अनुस्वार आणि चंद्र मिळून चंद्रबिंदूवर भागवतो, तीही त्याच अडचणीतून काढलेली वाट. ‘वऱ्हाड’, ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतल्या अर्ध्या र साठी वेगळ्या ऱ चा आधार घ्यावा लागतो. हिंदीला त्याची गरज नाही, म्हणून हिंदीवर तपासलेल्या कीबोर्डांत तो पुष्कळ दिवस सापडतच नसे.

मोठ्या कंपन्यांनी आता मुदत वाढवली आहे. गूगलने ऑक्टोबर २०२३ मधल्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मधल्या गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षं अपडेट द्यायचं जाहीर केलं. ते महागड्या फोनांसाठी. स्वस्त फोनवाल्याला अपडेट संपल्याचं कळतं ते ॲप बंद पडल्यावर: ऑक्टोबर २०२३ पासून व्हॉट्सॲपला अँड्रॉइड ५.० किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. म्हणजे मराठी मेनू ज्या आवृत्तीत आला, तिच्या आधीच्या सगळ्या आवृत्त्या बाहेर. माझा २०१३ चा फोन त्यातच गेला. चार्ज केला की तो अजून सुरू होतो.

अक्षरांचंही काम राहिलेलं आहे. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिले. मजकूर मराठी आहे असं कळलं की ही वळणं आपोआप लावायची सोय फॉन्टमध्ये करता येते. माझ्या सध्याच्या फोनवर भाषा मराठी आहे, तरी ल हिंदी वळणाचाच उमटतो. प्रत्येक अपडेटनंतर मी आधी तो ल बघते.